खिल्लारे सर आणि पाच कमलाबाई

खिल्लारे सरांच्या कीबोर्डला डिलीटचं बटण नव्हतं. ते पडलं नव्हतं. त्यांनी स्वतः चहाच्या चमच्यानं उचकटून काढलं होतं. मी हिंगोलीतल्या त्या सरकारी कार्यालयात रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी शिपायानं मला ते लांबून दाखवलं. बाहेरगावच्या पाहुण्याला गावातलं देऊळ दाखवतात ना, तसं.

"बघा मॅडम, तिथं खड्डा हाय."

मी नवी होते, सांगलीकडची होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. मी सरळ जाऊन विचारलं, "सर, हे असं का?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, चुकीचं ल्हिलं तर नीट करता येतंय. पुसून टाकलं तर काय नीट करणार? आधी इचारायचं, मंग पुसायचं."

बॅकस्पेस काढला तर टायपिंगच होत नाही, म्हणून तो नाइलाजानं ठेवला होता. तो दाबताना त्यांचा चेहरा काढा घेतल्यासारखा व्हायचा.

आमचं काम याद्यांचं. तालुक्यातालुक्यातून याद्या यायच्या, लाभार्थ्यांच्या, रुग्णांच्या, शाळेतल्या मुलांच्या. त्या एकत्र करायच्या, दोनदा आलेली नावं काढायची, आकडे काढायचे, वर पाठवायचे. माझ्या नेमणुकीच्या आदेशावर 'डेटा ॲनालिस्ट' असं लिहिलं होतं, त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर 'सांख्यिकी सहायक'. काम एकच. फरक एवढाच की मी एका दिवसात करायची ते काम खिल्लारे सरांना आठवडा लागायचा, कारण ते प्रत्येक शंकेच्या नावासाठी फोन लावायचे.

त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. जिल्ह्यात नावं कशी कशी लिहिली जातात, हे त्यांनी गावागावाप्रमाणे त्यात उतरवलं होतं. पार्वतीबाई, पारबती, पारूबाई. ज्ञानोबा, ग्यानबा, ग्यानोजी. कोणत्या गावात पारूबाई म्हणजे पार्वतीच आणि कोणत्या गावात ती प्रभावती, हेही होतं. आलेली यादी नुसती वाचून ती कुठल्या ऑपरेटरनं टाईप केलीय तेही सर ओळखायचे. "हे सेनगावचं पोरगं हाय. त्याला 'ज्ञ' सापडत न्हाई. म्हणून त्याच्या यादीत सगळे ग्यानबा."

फोनवर त्यांचं बोलणं ऐकणं ही आमची करमणूक होती. एकदा औंढा नागनाथकडच्या एका पोलीस पाटलाला विचारत होते, "पाटील, पारूबाई मुंजाजी आन् पार्वती मुंजाजी ह्या एकच का दोन?" तिकडून बराच वेळ काहीतरी आलं. सर "व्हय, व्हय" करत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "दोन हायत. जावा हायत. एकाच मुंजाजी सासऱ्याचं नाव दोघींनी लावलं. तीन वर्सांपासून बोलत न्हाईत एकमेकींशी. आपण एक केल्या असत्या तर लई तकलीफ झाली असती."

दर बुधवारी जेवणानंतर रेकॉर्ड रूममध्ये त्यांची शिकवणी असायची. कुणी सांगितलेली नव्हती, कुठल्या परिपत्रकात नव्हती. त्यांना काही नवं सापडलं की ते दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एका बुधवारी त्यांनी सगळ्यांचे डबे मागवले. भाकरीचे एकीकडे, पोळीचे एकीकडे. मग भाकरीतले ठेचावाले वेगळे, भाजीवाले वेगळे. मग एका ओळीत बायकांचे, एका ओळीत पुरुषांचे, असं काहीतरी लावलं आणि सांगितलं, "आता सांगा, ठेचा कोण जास्त खातंय? बाया का बाप्ये? बास. ह्यालाच पिव्होट टेबल म्हंत्यात." आमच्या हेडक्लार्कबाई फक्त चहासाठी यायच्या, त्यांनाही ते कायमचं समजलं. त्यांचा डबा मात्र त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी खाल्ला.

मला तर त्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण बघून हसू यायचं. वर्षाला अमुक इतके तास प्रशिक्षण पूर्ण करायचं असतं. आम्ही सगळे काय करायचो, तर व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा आणि दुसऱ्या खिडकीत काम करायचं. खिल्लारे सर व्हिडिओसमोर पाटी-पेन्सिल घेतल्यासारखे बसायचे. मध्येच थांबवायचे, शिकवणाऱ्याला म्हणायचे, "थांबा साहेब. हे पटलं न्हाई." मग विचार करून परत सुरू करायचे. वीस मिनिटांचा व्हिडिओ त्यांना दीड तास पुरायचा.

मी इथवर सांगितलं ते गमतीचं. गमतीचं सांगणं सोपं जातं.

माझ्या पहिल्याच वर्षी पुण्यात सहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण निघालं. सरकारी खात्यांत आकडेवारीचं काम करणाऱ्यांसाठी नवी साधनं, नव्या पद्धती, पायथन नावाची संगणकाची भाषा. आमच्या कार्यालयाला एक जागा. प्रस्तावात खिल्लारे सरांचं नाव गेलं होतं, असं त्याआधीही चार वेळा गेलं होतं. मंजूर होऊन आलं ते माझं. वरिष्ठ म्हणाले, "खिल्लारेंची तीनच वर्षं राहिलीत. त्यांना शिकवून शासनाला काय फायदा?" हे त्यांच्यासमोरच म्हणाले.

निघायच्या दिवशी सर बसस्टँडवर आले. हातात एक कोरी वही. "मॅडम, तिकडं जे जे शिकवतील ते ह्यात ल्हून आणा. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

पुण्यात पहिल्या दिवशी मी तीन पानं लिहिली. नंतर लिहिलं नाही. सगळं स्लाइडवर होतंच, आणि संध्याकाळी फिरायला जायचं होतं. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काय शिकवलं?" मी म्हणाले, "सांगते सर, सवडीनं." आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "स्लाइड मेल करते." मेल केल्या नाहीत. मुद्दाम नाही, राहून गेलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, आणि विचारत नाहीत म्हणजे गरज नाही, असं मी धरून चालले.

मग ती मोतीबिंदूच्या शिबिराची यादी आली.

जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करायची, त्यांना गाडीनं शिबिराला न्यायचं, ऑपरेशन करून परत सोडायचं. यादी तीन ठिकाणांहून आली होती आणि एकेक नाव दोन-दोन तीन-तीनदा होतं. सोमवारी वरच्यांना सादरीकरण, आणि हा शुक्रवार. खिल्लारे सरांनी वही उघडली, फोन जवळ ओढला. मी म्हणाले, "सर, राहू द्या. मी करते." पुण्यात एक पद्धत शिकवली होती. नावं थोडी वेगळी लिहिलेली असली तरी संगणक ती किती सारखी आहेत ते मोजतो. सारखी वाटली, गाव आणि जन्मतारीख जुळली, की एक धरायची. मी ती चालवली. चहा येईपर्यंत यादी स्वच्छ झाली.

सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"किती गेली?"

"शंभरावर."

"इचारलं त्यांना?"

"सर, विचारायचं कशाला? गाव तेच, जन्मतारीख तीच, नाव तेच."

"जन्मतारीख एक जानेवारी हाय मॅडम सगळ्यांची. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांची एक जानेवारीच असती. ज्याला ठाऊक न्हाई त्याची मास्तरानं तीच ल्हिली. दोन दिवस द्या. फोन करून घेतो."

"सोमवारी सादरीकरण आहे, सर."

"बराबर," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

सोमवारी माझं कौतुक झालं.

शिबिराच्या दिवशी सकाळी साडेनऊला कार्यालयात फोन आला. वारंगा फाट्यावर गाडी उभी होती. आतल्या एका तांड्यावरच्या बायका तिथे आल्या होत्या. गाडीबरोबरच्या नर्सबाईंच्या यादीत नाव एकच, कमलाबाई रामू राठोड. आणि समोर पाच जणी. "कमलाबाई कोण?" म्हटल्यावर पाचही जणी "मी" म्हणत होत्या, आणि पाचही खरं बोलत होत्या. एकीचा नवरा रामू, एकीचा रामा, एकीचा रामजी, एकीचा रामसिंग, पाचवीचाही रामूच. माझ्या संगणकाला ते सगळे सारखे वाटले होते. जन्मतारीख अर्थातच एक जानेवारी, आणि वर्षसुद्धा एकाच कर्मचाऱ्यानं अंदाजानं एकच टाकलेलं.

फोन खिल्लारे सरांनी घेतला होता. तो पूर्ण ऐकून त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला तर वाटलं, ते माझ्यासाठी घाबरलेत.

नर्सबाईंना यादीबाहेर कुणाला घेता येईना. पुढच्या गावांची माणसं घ्यायची होती. शेवटी त्या पाच जणींनी आपसातच ठरवलं, जिला सगळ्यात कमी दिसतं तिनं जायचं. तिला गाडीत बसवलं. उरलेल्या चौघी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी बसल्या. दुसरी गाडी येईल असं त्यांना वाटत होतं. अंघोळी करून, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. दुपारपर्यंत बसल्या आणि मग परत निघाल्या. ऑटोतून उतरताना एकीला पायरीचा अंदाज आला नाही. पडली. मनगट मोडलं.

खिल्लारे सर रजेचा अर्ज टाकून दुपारच्याच बसनं तिकडे गेले होते. त्या बाईला हाडाच्या डॉक्टरकडे त्यांनीच नेलं, हे मला नंतर शिबिराच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं. आणि त्यानंतर दुसऱ्या महिन्यात दुसरीकडे शिबिर होतं, तिथे त्या चौघींना दोन खेपांत स्वतः नेऊन आणलं, हेही.

चौकशी लागली. वरिष्ठांच्या दालनात आम्ही सहा जण उभे. "यादी कोणी केली?"

मी सांगणार होते. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले. खरं म्हणजे मी फरशीकडे बघत होते, आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मी केली साहेब. वय झालं. नजर चुकली."

साहेबांना ते लगेच पटलं. डिलीटचं बटण नसलेल्या माणसानं शंभर नावं पुसली, हे त्या दालनात कुणालाही विचित्र वाटलं नाही. त्यांना बोलणी बसली, नोटीस निघाली, ती त्यांच्या फायलीला लागली. सगळी नोकरी कोरी गेलेल्या माणसाच्या शेवटच्या दोन वर्षांत. मी परिवीक्षेवर होते, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, तुम्ही..." ते म्हणाले, "जेवून घ्या आधी." आणि तो विषय त्यांनी परत निघू दिला नाही. मीही काढला नाही.

पुढे मी त्या पद्धतीत एक पायरी घातली. संगणकानं फक्त शंका काढायची, पुसायचं नाही, शंकेच्या नावाला गावात फोन करायचा, मग ठरवायचं. ते विभागात गेलं, नावीन्यपूर्ण उपक्रम म्हणून निवडलं गेलं. मला चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत खिल्लारे सर पहिल्या रांगेत होते.

त्यांच्या निरोप समारंभाला मला पोचता आलं नाही. व्हिडिओवरची बैठक लांबली. मी गेले तेव्हा खुर्च्या दुमडत होते आणि सर शाल-नारळ पिशवीत घालून निघून गेले होते.

त्याला आता दोन वर्षं होतील. मागच्या महिन्यात वरून पत्र आलं. नावांच्या वेगवेगळ्या लेखनांची जिल्हानिहाय यादी करायची आहे, कुणाकडे असल्यास कळवा. वरिष्ठ म्हणाले, "ती खिल्लारेंची वही होती ना? घेऊन या." तीन वर्षं त्या वहीवर हसलेले सगळे जण गंभीर चेहऱ्यानं माना हलवत होते.

सर सेनगाव तालुक्यात साखऱ्याला असतात. एका शनिवारी मी गेले. शेताच्या कडेला दोन खोल्यांचं घर. ओट्यावर ज्वारी वाळत घातलेली.

"जयभीम मॅडम. या. एवढ्या लांब येऊन राहिल्या, फोन तरी करायचा."

वही मागितल्याबरोबर त्यांनी ती आणून दिली. कशाला हवी, असंही विचारलं नाही. चहा स्वतःच ठेवला. मी म्हणाले, "मॅडम नाहीत का घरी?"

"ती जाऊन नऊ वर्सं झाली."

म्हणजे मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायला लागण्याआधीच. रोज आणायचे तो ठेच्याचा डबा ते पहाटे उठून स्वतः करत होते, आणि तीन वर्षं मी रोज "काकूंच्या हाताला चव आहे हं" म्हणत होते. त्यांनी एकदाही मला दुरुस्त केलं नव्हतं. मुलगा हैदराबादला असतो, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

आतल्या खोलीत टेबलावर मुलाचा जुना लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर पायथन. दहा-बारा ओळी, आणि खाली लाल अक्षरात चूक.

"हे काय, सर?"

ते ओशाळले. "काही न्हाई. हिंदीतनं व्हिडिओ असत्यात, त्ये बघून करायलो. नावं जुळवायचं. पण पुढं सरकंना झालंय."

मी वाकून पाहिलं. चौथ्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली होती. मी ती दिली. प्रोग्रॅम चालला. पडद्यावर नावांच्या जोड्या उतरू लागल्या.

ते बघतच राहिले. "एवढंच होतं व्हय?"

"कधीपासून अडलं होतं?"

"पोळ्यापासून."

पोळा होऊन चार महिने झाले होते. "सर, मला फोन करायचा ना. नंबर आहे तुमच्याकडे."

"तुमी कामात असता."

मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, ती यादी माझी होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही का घेतलं अंगावर?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. जे उघड आहे ते मी का विचारते, असं त्यांचं तोंड झालं.

"तुमी परवीक्षेवर होता. तुमच्यावर आलं असतं तर तुमची नोकरी न्हाईतर बदली, काहीतरी झालंच असतं. आख्ख्या हाफिसात नवं शिकून आलेल्या तुमी एकल्याच. तुमी गेल्या असत्या तर मला कुणी शिकवलं असतं?"

हे त्यांनी सहज सांगितलं, टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्यांना येतच नाही. नोटीस निघाल्यानंतर ते चौदा महिने माझ्या शेजारच्या टेबलावर होते. रोज साडेदहा ते सहा. मी त्यांना एक ओळ शिकवली नाही. ते वाट बघतायत, हे मला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक करून घेण्यासाठी मला फक्त मान वळवावी लागली असती.

"अजून काय अडलंय?" मी विचारलं.

त्यांनी उशीखालून कागद काढले. प्रश्न लिहून ठेवलेले. प्रत्येकापुढे तारीख. पहिली तारीख मी पुण्याहून परतले त्या आठवड्यातली होती.

मी खुर्ची ओढली. संध्याकाळच्या बसपर्यंत तीन प्रश्न झाले. चौथ्याचं उत्तर मला येत नव्हतं, शिकलेलं बरंचसं मी विसरले आहे, आता बैठकाच जास्त असतात. तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग हे दोघं मिळून बघू," आणि त्यांना ते जास्तच आवडल्यासारखं दिसलं. सर फाट्यापर्यंत सोडायला आले. पुढच्या रविवारी येते, असं मी त्यांना म्हणाले.

पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्या रविवारी कार्यालयात काम निघालं. मग घरी पाहुणे आले. दोन रविवार असे गेले आणि त्यांचा फोन आला नाही. तो येणार नाही, हे आता मला माहीत आहे. तिसऱ्या रविवारी सकाळी मीच लावला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.